झे. सोलकर

एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, शिरस्त्राणाविना वाकून उभे राहत. (बेसबॉलवाल्यांना निदान हातमोजा असतो!) मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदान राखणाऱ्याचा हा मुलगा २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर नॉटचा झेल त्यांनी जमिनीलगत झेपावून टिपला आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. निपाणीत तंबाखूच्या वखारीतील रेडिओभोवती आम्ही शाळकरी मुले कान लावून होतो. थोरांच्या तोंडी चंद्रशेखरचे सहा बळी. आम्हांस मात्र वृत्तपत्रातील ‘झे. सोलकर’ ही अक्षरेच अधिक मोलाची वाटली. त्यांचे कसोटी शतक एकच, १९७५ मधले. २००५ साली, अवघ्या ५७ व्या वर्षी ते गेले.