गोठ्यातलं खजुराचं झाड

डिसेंबर लागला की आमच्या शाळेत खाकी कागद, खळ आणि पोस्टर रंगांचा वास पसरतो. शाळा कॅथलिक धर्मभगिनींची. मी तिथे मराठी शिकवते, सहावीचा वर्ग माझ्याकडे आहे. प्रत्येक वर्गाने मिळून नाताळचा गोठा करायचा, हा तिथला जुना रिवाज. डोंगर, मेंढपाळ, चांदणी, सगळं मुलांच्या हातचं.

गेल्या वर्षी मोमिनपुऱ्यातल्या एका विद्यार्थिनीची अम्मी भेटायला आली. दारातच म्हणाली, "टीचर, पुतले मत बनवाना उससे. बाकी कुछ भी करेगी." स्टाफरूममध्ये कुणी याला मागासलेपण म्हटलं. मला तसं वाटलं नाही. आपली मर्यादा सरळ येऊन सांगणारी आई मला बरी वाटते; काही घरं त्या आठवड्यात मुलाला ताप आल्याची चिठ्ठी पाठवतात. अडचण पुढची होती. अशा मुलांना दरवर्षी पताका आणि चांदण्या कापायला बसवतात. काम सर्वांचं म्हणायचं आणि एकीला कायम कडेला ठेवायचं, हे मला पटत नाही.

मी तिलाच विचारलं, तुला काय करायचंय? म्हणाली, खजुराचं झाड.

गटात लगेच भांडण. गोठ्यात खजूर कुठून आला? मग तिने सांगितलं. कुरआनात मरियम यांच्या नावाची अख्खी सूरह आहे, एकोणिसावी. प्रसूतीच्या कळा येतात तेव्हा त्या खजुराच्या बुंध्याशी असतात, एकट्या. बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, असा आवाज येतो. मुलं गप्प झाली. एकाने तेवढ्यात विचारलं, "मग जोसेफ कुठे होता?" त्या कथेत त्यांचा उल्लेख नाही, हे तिने सांगितलं आणि वाद पुन्हा सुरू झाला. मी तो मिटवला नाही. दोन कथा वेगळ्या आहेत, त्या एक करून दाखवायची घाई मला नव्हती.

मिटवला तो सिस्टरांनी, तोही हसत. त्या म्हणाल्या, लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, पण बैल आणि गाढव तरी कुठे आहेत? १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळ साजरा केला होता. आमच्या गोठ्यातला बैल तर एका मुलाच्या घरचा, तान्हा पोळ्याचा लाकडी, चाकांवरचा, शिंगांना बेगड लावलेला. तो चालतो, तर झाड का नको?

बुंधा चुरगळलेल्या खाकी कागदाचा झाला, झावळ्या हिरव्या घोटीव कागदाच्या. खजूर म्हणून चिंचोके रंगवले. ती कल्पना मेंढपाळ करणाऱ्या मुलाची.

पालकसभेत मी अकबराच्या चित्रशाळेची गोष्ट सांगितली. १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला पोहोचले, त्यांनी बादशहाला चित्रांचं बायबल भेट दिलं. तिथल्या हिंदू-मुसलमान चितारांनी मग मरियम आणि ईसा यांची चित्रं काढली. त्या कारखान्यात एक चित्र अनेकांचं असे. एक जण आराखडा काढी, त्याला तरह म्हणत. दुसरा रंग भरी, ते अमल. कधी चेहरे तिसऱ्याच्या हातचे. अकबरनाम्याच्या चित्रांखाली ही नावं कामासकट नोंदलेली आहेत. म्हणजे चित्र काढणं आपल्यात कधी नव्हतंच, हे खरं नाही. पण मूर्ती नको म्हणणारी आईही काही चुकीची ठरत नाही. दोन्ही आपल्याच घरातलं आहे. एक अब्बा सभेनंतर माझ्याशी बराच वेळ वाद घालत होते. घालू देत.

राहिला गुणांचा प्रश्न. मूल्यमापनाच्या तक्त्यात 'वैयक्तिक सहभाग' असा रकाना आहे. मी सातही मुलांना एकच श्रेणी दिली आणि पुठ्ठ्याच्या मागे कुणी काय केलं ते त्यांच्याच हाताने लिहून घेतलं. डोंगर, गोठा, बैल आणला, चिंचोके. तिने 'खजूर' उर्दूत लिहिलं. तक्ता कार्यालयातून परत आला आहे, रकाना नीट भरा म्हणून. अजून तसाच माझ्या टेबलावर आहे.