तवंग

समुद्र आमच्या पुसदला कधी दिसला नाही आणि पुढे दिसेल असाही संभव नाही. चहूंकडे डोंगर, मधून वाहणारी पूस नदी, ती पुढे जाऊन पैनगंगेला मिळते; एवढेच आमचे वाहत्या पाण्याशी नाते, आणि तेही बहुतेक पावसाळ्यापुरते. त्यामुळे शिडाच्या नावेतही डिझेलची टाकी असते, ती गळते, आणि गळू लागली म्हणजे चांगल्या दर्यावर्दी माणसांच्या तोंडचे पाणी पळते, ही गोष्ट माझ्या कानांवर आली ती चाळिशी उलटल्यावर.

सांगणारा माझा एक जुना विद्यार्थी. वर्गात असताना त्याचा नवाचा पाढा नेहमी सातव्या पायरीवर अडखळायचा. आता तो गोव्यात नावा दुरुस्त करण्याच्या कारखान्यात काम करतो आणि दिवाळीला घरी आला की न चुकता भेटून जातो. मी त्याला म्हटले, "अरे, शीड आहे, वारा आहे, मग डिझेल कशाला?" तो हसला. गुरुजींना एखादी गोष्ट ठाऊक नसली की विद्यार्थ्याला जो आनंद होतो, तो त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता.

वारा पडला, बंदरात शिरायचे झाले, की इंजिन लागते. दिवे आणि यंत्रे चालवायला बॅटऱ्या भराव्या लागतात, त्यासाठीही लागते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फुटी नाव घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि पुढच्या मे महिन्यात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. तीही शिडाचीच नाव, पण तिच्या पोटातही इंजिन होतेच. टाकी बसवतात ती नावेच्या तळाशी, जमिनीच्या फळ्यांखाली. कारण जड वस्तू खाली असली की नाव डोलत नाही. अनेकदा टाकी आधी बसते आणि बाक, कपाटे, स्वयंपाकाचा ओटा हे सारे तिच्यावर नंतर बांधले जाते. म्हणून टाकी गळली की ती काढायला अर्धे घर मोडावे लागते. आणि त्या तळघरात तिची शेजारीण असते पिण्याच्या पाण्याची टाकी.

हे शेजारीण प्रकरण मला फार लागले. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी 'सुहेली' नावाच्या ३२ फुटी नावेतून एकटा, कोठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीला वळसा घालून आला. असे करणारा तो पहिला माणूस. ती नाव आपल्या मुंबईत, सागवानाची बांधलेली. वादळात ती आडवी झाली आणि तिच्या टाक्यांतले पिण्याचे पाणी नासले. तिथे डिझेलचा संबंध नव्हता, पण पुढे तो पावसाच्या पाण्यावर राहिला. सभोवार पाणीच पाणी, आणि पिण्याला आभाळाकडे पाहायचे! हे वाचताना मला समुद्र दिसला नाही. मला आमच्या थोरल्या काकांची विहीर दिसली.

आमच्याकडे विहिरीवरचे डिझेल इंजिन उन्हाळ्यात खाली उतरते. ज्याने शेती केली नाही त्याला यातली गोम सांगितली पाहिजे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. आणि हवेची ताकद पुस्तकात फार तर ३४ फुटांची, प्रत्यक्षात पंचविसाच्या आतच. हा नियम मी दरसाल फळ्यावर लिहितो. पाणी त्याहून खाली गेले की काठावरचे इंजिन नुसते धडधडते, पाणी येत नाही. मग विहिरीच्या पोटात लोखंडी गर्डर आडवे टाकतात, त्यांवर फळ्या, आणि दोरखंडांनी इंजिन खाली सोडतात. हे काम जोखमीचे. इंजिनाचा धूर वर निघाला नाही तर खाली उतरलेला माणूस वर येत नाही; अशी घरे आमच्या भागात आहेत, त्यांना विचारावे. पण धूर सांभाळला तरी दुसरी गोष्ट उरते. इंजिन आता थेट पाण्यावर लटकत असते. काठावर असताना त्यातून गळालेला थेंब मातीत जिरत असे; इथे तो पाण्यात पडतो.

२०१९ च्या मे महिन्यात काकांचे इंजिन असे खाली उतरले होते. लिंबाची बाग होती, ११० झाडे, चौथे वर्ष. त्याच महिन्यात जवळच्या तांड्यावरचा हातपंप कोरडा पडला आणि तिथल्या बाया काकांच्या विहिरीवर पाण्याला येऊ लागल्या. काकांनी कोणाला नाही म्हटले नाही. पाण्याला नाही म्हणण्याची आमच्या घरात रीतच नाही. आठ दिवसांनी तांड्यावरची एक म्हातारी, जिला आम्ही सगळे 'याडी'च म्हणतो, घागर घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "गुरुजी, वास घेऊन पाहा." मी पाहिला. मग ओंजळीत घेऊन उन्हात धरले. पाण्यावर मोरपिसाचे रंग होते.

काका ऐकेनात. "दोराचा वास असन. मी काय लोकायले डिझेल पाजून राह्यलो का?" इंजिन बंद ठेवा म्हणावे तर झाडे जातात, चालू ठेवा म्हणावे तर तांड्याच्या लेकरांच्या पोटात ते पाणी जाते. काका वाईट माणूस नव्हते. चार वर्षे स्वतःच्या हाताने आळी केलेल्या झाडांकडे पाहून जो विचार कोणीही करील, तोच ते करीत होते. आणि गळत होते तरी किती? दिवसाला चमचा, दोन चमचे. एवढ्याशा तेलाने एवढी मोठी विहीर कशी नासेल, असे त्यांचे म्हणणे.

इथे मास्तरकीचा थोडा उपयोग झाला. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन गृहस्थाने लंडनजवळच्या क्लॅपहॅम इथल्या तळ्यात चमचाभर तेल ओतले, तेव्हा ते पसरत पसरत अर्धा एकर पाण्यावर गेले. १७७४ साली हा प्रयोग छापून आला. काकांच्या विहिरीचा व्यास ३० फूट. त्या हिशेबाने एका चमच्यात तशा तीस विहिरी झाकल्या जातात. डिझेलचे पसरणे अगदी तसेच नसते हे खरे, पण काकांना एकराचा हिशेब लगेच कळला. ते काही बोलले नाहीत, फक्त चावी फिरवून इंजिन बंद केले.

पुसदहून मिस्त्री आला. त्याआधी दोघांनी टाकीची तोटी बदलली होती, तिचे वायसर बदलले होते, कारण थेंब तोटीवरूनच पडताना दिसत होता. मिस्त्रीने तोटीकडे पाहिलेसुद्धा नाही. चिंधीने टाकी कोरडी पुसली आणि मला म्हणाला, "मास्तर, खडू आहे का खिशात?" सुट्टीतही माझ्या सदऱ्यात खडूचा तुकडा निघतो. त्याने तो टाकीच्या सगळ्या सांध्यांवर घासला आणि बिडी पेटवायला दूर, वर काठावर जाऊन बसला. अर्ध्या तासाने पाहिले तर तोटीभोवतीचा खडू पांढराशुभ्र आणि वर, टाकीला आवळणाऱ्या पट्टीच्या कडेला, केसाएवढी एक काळी रेघ. इंजिनाच्या हादऱ्याने पट्टी घासत गेली होती आणि पत्रा तिथे चिरला होता. डिझेल चिरेतून निघे, पट्टीच्या आडून सरपटत तोटीपर्यंत येई आणि तिथून खाली पडे. माझा विद्यार्थी सांगतो, नावेतही असेच होते; टाकी बांधलेल्या पट्ट्यांखाली ओल धरते, घासते, आणि भोक तिथे पडते. वास मात्र येतो भलतीकडून.

तात्पुरते म्हणून मिस्त्रीने चिरेत कपड्याचा साबण दाबून बसवला. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे दोन दिवस तो निभावून नेतो. पण टाकी काढून झाळायची ठरली तेव्हा काका म्हणाले, रिकामी केलीच आहे, इथेच डाग देऊन टाक. मिस्त्रीने हात जोडले. "भरेल टाकीले मी भेत नाही मालक. खाली टाकी लय वाईट." रिकाम्या टाकीत डिझेल नसते, त्याची वाफ असते, आणि तापल्या लोखंडाजवळ ती वाफ थेंबांपेक्षा घातकी. त्याने धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने टाकी तीनदा धुतली, चिरेच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरली, आणि मग नवसागर लावून कथलाने झाळली. नंतर पुन्हा खडू. या वेळी रेघ उमटली नाही.

टाकीचे झाले, विहिरीचे काय? बादल्यांनी तवंग काढू गेले की तो फुटतो आणि बाजूने परत मिळून येतो. तांड्यावरचे दोन पोरगे घामाघूम झाले. दुपारी काका बैलगाडीतून एक गाठोडे घेऊन आले. आत कापूस होता. गेल्या हंगामातला, शेवटच्या वेचणीचा, व्यापाऱ्याने हात न लावलेला पिवळट माल. त्यांनी तो जुन्या मच्छरदाणीत भरला, तोंड बांधले आणि दोराने पाण्यावर सोडला. दवाखान्यातला धुतलेला कापूस पाणी पितो आणि बुडतो; शेतातल्या कापसावर त्याचे नैसर्गिक मेण असते, तो पाण्याला शिवत नाही आणि तेल मात्र पितो. काकांना हे कोणी शिकवले नव्हते. गाडीच्या आसाचे वंगण पुसायला आयुष्यभर तोच वापरला होता, एवढेच. संध्याकाळपर्यंत तीन गाठोडी काळी झाली. हल्ली नावेत इंजिनाखाली तेल शोषणाऱ्या चटया ठेवतात म्हणे, विकत मिळतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात असा माल मातीमोलाने जातो.

तवंग गेला तरी वास गेला नाही. पाण्यात जे विरघळले ते कापसाला लागत नाही. काकांनी विहीर तळापर्यंत उपसायचे ठरवले. ते पाणी बागेला द्यायचे नव्हते, पडीकात सोडायचे होते. मे महिन्यात झरा करंगळीएवढा. विहीर पुन्हा हातभर भरायला नऊ दिवस लागले. तेवढ्यात तांड्याला दोनदा टँकर आला. बागेला काहीच आले नाही. ११० पैकी ४२ झाडे वाळली. काकांनी ती मोजली, कोणाला बोल लावला नाही, आणि आमच्यापैकी कोणी विषय काढला तर उठून गोठ्याकडे जात.

दहाव्या दिवशी याडी आली. घागर बुडवली, वास घेतला, एक घोट तोंडात फिरवून थुंकला, दुसरा गिळला आणि घागर डोक्यावर घेऊन निघून गेली. काका बांधावर उभे राहून पाहत होते.

त्यानंतर इंजिन पुन्हा खाली उतरले, पण टाकी काठावर राहिली. लांब नळीने डिझेल खाली जाते. आणि इंजिनाच्या खाली, चुकून काही ठिबकले तर, काकूची लग्नातली मोठी परात ठेवलेली असते. ती परात काकू अजून दर दिवाळीला मागते.