तिच्या तोंडचे ‘आम्ही’

अद्भुतकथेतील माणसे कितीही कल्पित मुलखात वावरत असली, तरी मराठी व्याकरणाच्या अंमलातून त्यांची सुटका नसते. वेष पुरुषाचा असो वा रात्र काळोखी, ‘मी आले’ एवढे उच्चारताच बोलणारी स्त्री आहे हे वाचकाला कळून चुकते. मात्र तीच स्त्री ‘आम्ही आलो’ म्हणाली की हा भेद मावळतो, कारण तिच्या पथकातील पुरुषांचेही क्रियापद तेच असते. अशा कथा लिहिताना मी पात्राचे लिंग नव्हे, तर त्याचे ‘आम्ही’ कोणाचे, हे आधी निश्चित करते.

येथे शेगावात गजानन महाराजांच्या मंदिरातील सेवेकरी दर्शनाला आलेल्या स्त्रीला काय आणि पुरुषाला काय, ‘माउली’ याच संबोधनाने विनवतात. आणि सेवा आटोपून गल्लीत शिरलेला माणूस बहिणीला ‘काय वं’ व सोबत्याला ‘काय गा’ म्हणू लागतो. ज्या समुदायाशी त्या घटकेस आपली निष्ठा जडलेली, त्याचाच शिरस्ता जिभेवर चालतो.

संस्कृत नाटकांत स्त्रियांनी बहुधा प्राकृत बोलावे असा संकेत होता. आपल्या विदर्भातील पद्मपूरचा भवभूती आठव्या शतकात ‘मालतीमाधव’ लिहिताना अमात्यकन्या मालतीपुरता तो बव्हंशी पाळतो. परंतु बौद्ध परिव्राजिका कामंदकी संस्कृत बोलते, आणि पाचव्या अंकाच्या आरंभी आकाशमार्गाने अवतरणारी कापालिकी कपालकुंडला, तीही. पुढे नायक माधवाच्या हातून तिचा गुरू अघोरघंट मारला जातो, तेव्हा सूडापोटी मालतीला पळवून नेणारी हीच. तिची वाणी मला मालतीहून प्रखर वाटते, कारण तिच्यामागे एक अख्खा पंथ उभा आहे. खेद याचा की अद्भुतरम्य कथांनी संकेत तेवढा उचलला, अपवाद नाही. म्हणून सिंहासनावर बसलेल्या राण्याही माजघरातल्यासारख्या दबकत बोलतात.

माझ्या कथेतील मैना किल्ल्याच्या दरवाजावर पहाऱ्यास आहे. शत्रूला मिळालेला तिचा थोरला भाऊ रात्री बाहेरून हाक देतो, “अवं मैने, दार उघड.” चौकीवर ती एकटीच, तरी उत्तर येते, “सूर्योदयापूर्वी आम्ही दरवाजा उघडत नाही.” या ‘आम्ही’त किल्लेदार आहे, शिबंदी आहे, हुकूम आहे. भाऊ चतुर, तो म्हणतो, “आपली माय आजारी आहे.” ‘आपली’ या शब्दाने त्याने तिला चौकीवरून उचलून घरात नेले. येथे तिला रडवावे, विनवणीस लावावे, असा मोह लेखकाला होतो; पण किल्ल्याची आणि घराची निष्ठा तिच्या ठायी सारखीच खरी असेल, तर दोन्ही तिच्या वाक्यात उतरल्या पाहिजेत. म्हणून तिच्या तोंडी मी इतकेच ठेवले, “दादा, मायकडे मी सकाळी येते, दरवाजा मात्र आम्ही आता उघडणार नाही.”