जखमा बांधणाऱ्याची जागा

सारीपाट, पत्ते, बुद्धिबळ या आपल्या बैठ्या खेळांत एक गोष्ट समान आहे. कुणीतरी जिंकतो आणि कुणीतरी हरतो. जिंकले तर सर्वांनी मिळून आणि हरले तरी सर्वांनी मिळून, असाही बैठा खेळ असू शकतो, हे मला सत्तरी उलटल्यावर नातवंडांकडून कळले. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात, आणि योजलेली कृती साधली की फसली याचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो.

अरण्ये, गुहा आणि शापित किल्ले हिंडणाऱ्या या पात्रांच्या टोळीला मुले ‘पार्टी’ म्हणतात. ती ‘बॅलन्स्ड’ असावी, असा त्यांचा आग्रह असतो. मूळच्या खेळात पात्रांचे तीनच वर्ग होते : लढवय्या, मांत्रिक आणि देवाच्या नावाने जखमा भरून काढणारा पुरोहित. 1975 मध्ये त्यांत कुलपे उघडणारा, सापळे हुडकणारा चोर आला. लढवय्या वार झेलतो. पण बंद दारापुढे त्याचे काही चालत नाही. मांत्रिक पुढे शत्रूंचा जथाच्या जथा लोळवतो. पण जुन्या नियमांत आरंभी त्याच्यापाशी दिवसाला एकच मंत्र असे आणि एखाद्या घावातच तो कोसळे. म्हणजे संतुलन सारख्या बळाच्या माणसांनी साधत नाही. वेगवेगळ्या उणिवांची माणसे एकत्र आली म्हणजे ते साधते. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या गावांतून दंडारीचे संघ निघतात, तेव्हा सगळ्यांचे डोळे मोरपिसांचा टोप घातलेल्या गुस्साडीवर असतात. पण वाजवणारे थांबले, तर त्याचे पाऊल उचलणार नाही.

मला मात्र हे ऐकताना आपले जुने वाडे आठवले. निजामी राजवटीत इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे एका भाषेवर भागत नसे. कचेरीची भाषा उर्दू, बाजाराची तेलुगू, रानाकडच्या शेजाऱ्यांची गोंडी आणि चुलीपाशी मराठी. चारही भाषा एकाच माणसाला येणे कठीण. म्हणून घराने त्या वाटून घेतल्या. आमच्याकडे उर्दू दस्तऐवज थोरले काका वाचीत, वडील कापसाचा भाव तेलुगूत ठरवीत, आणि गोंडी होती धाकट्या काकांकडे. 1956 मध्ये राज्य पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. हळूहळू कचेरीची भाषाही पालटली. थोरल्या काकांचे उर्दू कपाटात गेले आणि वडिलांचे तेलुगू घराची ढाल झाले. टोळीचे संतुलन वाटेवर अवलंबून असते. वाट बदलली की कालची पुरी पडणारी टोळी आज अपुरी ठरते.

या वाटणीत एका जागेविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. मागल्या दिवाळीत मुलांनी पात्रे निवडली, तेव्हा दोन लढवय्ये झाले, एक मांत्रिक झाला आणि पुरोहिताची जागा रिकामी राहिली. सर्वांच्या नजरा धाकट्या नातीकडे वळल्या. ती म्हणाली, ‘‘दर वेळी मीच का? मी चोर होणार.’’ सूत्रधार झालेल्या थोरल्याने बजावले, ‘‘पुरोहित नसेल तर दुसऱ्या गुहेतच सगळे मराल.’’ ‘‘मग मरू,’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘नाहीतर आळीपाळीने व्हा.’’

ही अडचण आमच्या माजघरापुरती नव्हती. इतरांच्या जखमा बांधण्यातच स्वतःची पाळी खर्ची पडते, म्हणून ती जागा खेळणाऱ्यांना नकोशी वाटे. खेळ रचणाऱ्यांनी ती तक्रार रास्त मानली. 2000 च्या आवृत्तीत पुरोहिताचे सामर्थ्य वाढवले गेले. 2008 च्या आवृत्तीत एकाच पाळीत दुसऱ्याची जखम भरून स्वतः वारही करण्याची सोय झाली. शिवाय प्रत्येक पात्राला लढाईत एकदा स्वतःचे स्वतः सावरण्याची मुभा मिळाली. मला या शेवटच्या नियमाचे मोल सर्वांत अधिक वाटते.

कारण आमच्या घरी ती जागा आत्याची होती. ऐन विशीत विधवा होऊन ती माहेरी परतली. हिवतापाने फणफणलेल्या मुलांच्या उशाशी ती बसे, बाळंतिणींना शेक ती देई, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीची नऊ वर्षे तिनेच काढली. काकांच्या उर्दूचे आणि वडिलांच्या तेलुगूचे गोडवे आमच्याकडे अजून गायले जातात. आत्याला तेलुगू आणि गोंडी दोन्ही उत्तम येत होत्या, हे आम्हांला तिच्या तेराव्याला कळले; भेटायला आलेल्या बायका तिच्या बोलण्याच्या आठवणी काढून रडत होत्या तेव्हा. तिला या घराच्या गोष्टीत कोणते पात्र व्हायचे होते, हे तिला कुणी कधी विचारले नव्हते.

सर्व जागा भरलेली टोळी संतुलित, ही व्याख्या म्हणूनच मला अपुरी वाटते. जड जागा फिरती असेल आणि ती घेणाऱ्याने ती स्वतः निवडलेली असेल, तरच ते संतुलन. एरवी ती केवळ सोय. आपल्या मंडळात कवी पुष्कळ आहेत, वक्तेही कमी नाहीत. पण सभागृह उघडणारे, सतरंज्या घालणारे आणि वर्गणीच्या पावत्या फाडणारे वर्षानुवर्षे तेच दोघे आहेत. पुढच्या बैठकीला त्या दोघांनी पहिल्या रांगेत बसून कविता ऐकाव्यात. सतरंजी घालायला मी तासभर आधी येईन. दुसरे टोक धरायला एखादा कवी आला, तर बरे होईल.