दारातले दांडे

निवृत्त झाल्यापासून मी डोंबिवलीला मुलाकडे राहतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या दोन नातवंडांनी एका आगळ्या स्पर्धेत भाग घेतला. हलकी, दोघांपुरती स्पोर्ट्स मोटार संगणकावर रचायची आणि संगणकाच्या पडद्यावरच धावडायची! तिला ना लोखंड लागे, ना पेट्रोल. तथापि वजनाचे आणि वेगाचे नियम मात्र खऱ्या जगातलेच होते.

थोरल्या नातवाने १२० अश्वशक्तीचे इंजिन निवडले. त्याच्या मोटारीचे वजन १,२०० किलो भरले. धाकट्या नातीचे इंजिन अवघे ८० अश्वशक्तीचे. पण तिची मोटार ६४० किलोंचीच होती. मी पडलो मराठीचा शिक्षक! मोठा आकडा पाहून मी नातवाची पाठ थोपटली.

"आजोबा, भागाकार करून पाहा ना!" नात म्हणाली.

मी कागद घेतला. दादाच्या मोटारीत एका अश्वशक्तीच्या वाट्याला दहा किलो येत होते, तिच्या मोटारीत आठच. शिवाय हलकी गाडी वळणावर चटकन वळते आणि थांबवायलाही कमी जोर लागतो.

मला आपल्या जुन्या पद्मिनीची आठवण झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी ही गाडी ४० अश्वशक्तीची. सारे कुटुंब सामानासह तीत मावे. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही मोटार काढली. तिच्या आरंभीच्या एका इंजिनाची शक्तीही जवळजवळ तेवढीच होती. पण तिला दारे नव्हती, पक्के छप्पर नव्हते, आणि वजन पद्मिनीच्या सुमारे निम्मे होते. म्हणूनच ती शर्यतीत शोभली. पद्मिनीचे काम निराळे होते, इतकेच.

स्पर्धेच्या आदल्या रात्री नातीने आणखी ४० किलो कमी केले. आघात सोसणारे दारातले पोलादी दांडे तिने काढून टाकले, ब्रेकही लहान केले.

"अगं, या गाडीत दादाला बसवून कल्याण-शीळ रस्त्याने नेशील का?" मी विचारले.

"नियमात बसते, आजोबा! आणि हिच्यात खरोखर बसणार आहे कोण?"

मला उत्तर सुचेना. मुख्याध्यापक असताना वेळापत्रकाचा भार हलका करण्यासाठी मी एकदा खेळाचा तासच काढून टाकला होता. तेही नियमात बसत होते. मुलांचे उतरलेले चेहरे मला दिसले, ते फार उशिरा. ती गोष्ट मी तिला सांगितली आणि झोपायला गेलो.

सकाळी पडद्यावर ६२५ हा आकडा होता. दांडे आणि ब्रेक जागच्या जागी परतले होते. त्यांच्याऐवजी गाणी ऐकण्याचे यंत्र, जाड गाद्या आणि शोभेचा मागचा पंख गेला होता.

तिचा दुसरा क्रमांक आला. पहिली आलेली मोटार तिच्याहून हलकी होती. संध्याकाळपर्यंत ती कोणाशी बोलली नाही. दादाने आणलेला वडापावही तिने तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत डोकावलो. ती नवी मोटार रचत होती. पडदा अजून कोराच होता. त्यावर तिने सर्वांत आधी काढले होते, ते दारातले दांडे.