सापुताऱ्याच्या वाटेवरची माती

सुरतेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना सापुतारा काही नवा नाही. सुटी लागली की चिखली, वांसदा, वघई या मार्गाने आपली पावले डांगाकडे वळतात. थंड हवेसाठी आपण तेथे जातो. परंतु तीच हवा पायाखालची मातीही घडवीत असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यंदाच्या प्रवासात आम्ही मात्र मातीवरच दृष्टी ठेवली.

सुरतेच्या आसमंतातील जमीन काळीभोर. तापीने दख्खनच्या काळ्या पाषाणाचा गाळ युगानुयुगे वाहून आणून येथे पसरला. एवढी काळी माती म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचे भांडारच असणार, असे कोणालाही वाटावे. पण दिसते तसे नसते! हा काळेपणा बव्हंशी खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट धरून राहिलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा. सेंद्रिय कर्ब म्हणाल तर तो बहुधा एक टक्क्याहूनही कमी. सुरतेचे वार्षिक सरासरी तापमान 27 अंशांच्या आसपास. अशा उष्म्यात, त्यातही पाटाचे पाणी असले म्हणजे, मातीतील सूक्ष्मजीव बारमाही जेवत असतात. शेणखत घालावे आणि त्यांनी ते फस्त करावे, असा हा व्यवहार.

वघई मागे पडली की साग आणि बांबू यांचे राज्य सुरू होते. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या उभ्या दरडीत मातीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे वाचता येतात. वर सागाची वाळलेली पाने, त्यांखाली चार बोटे गडद, भुसभुशीत माती, मग तांबूस थर आणि शेवटी मुरूम. सापुतारा समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच. दर हजार मीटर चढावर हवा साधारणपणे साडेसहा अंशांनी थंडावते. गारव्यात सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. पाने पडतात, पण तितक्या त्वरेने नाहीशी होत नाहीत. वनराईची सावली आणि भरपूर पाऊस यांचीही त्यास जोड मिळते.

तीन हजार फुटांवर या नियमाची केवळ चाहूल लागते. त्याचे पूर्ण रूप पाहावयाचे तर निलगिरी गाठावी. उदकमंडलम सुमारे 2,240 मीटर उंचीवर. तेथील सरासरी तापमान सुरतेहून बारा-तेरा अंशांनी कमी. तेथील शोला वनांखालच्या काळ्या, मऊ मातीत सेंद्रिय कर्ब काही ठिकाणी पाच टक्क्यांच्याही पुढे जातो.

मग डोंगर जितका उंच तितकी माती समृद्ध, असे म्हणावे काय? तसे नाही. त्याच घाटात, झाडोरा गेलेल्या एका उतारावर आम्हांस गडद थर मुळी दिसलाच नाही. वरपासूनच मुरूम उघडा पडलेला. थंडीने साठवावे आणि उताराने उधळावे, असा डोंगराचा स्वभाव. पानांचे आच्छादन आणि मुळांची जाळी असेल तोवर पावसाचा मारा सोसला जातो. ती गेली की वर्षानुवर्षे साठलेली चार बोटे माती काही पावसाळ्यांत अंबिका आणि पूर्णा या नद्यांतून समुद्राकडे निघते.

डांगातील आदिवासी शेतकरी नागलीच्या रोपांसाठी पालापाचोळा व शेण जाळून राब करतात. त्या राखेने रोपास तात्काळ बळ मिळते. पण जळालेले पान मातीत कुजत नाही, हेही खरे. पोटाची निकड आणि मातीची गरज यांचा मेळ घालणे सोपे नव्हे. 2021 साली गुजरात शासनाने डांग हा संपूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून घोषित केला. रासायनिक खताचा आधार सोडल्यावर पिकाची भिस्त मातीतील सेंद्रिय द्रव्यावरच राहते. म्हणून या घोषणेचे यश त्या चार बोटांच्या थरावर ठरावयाचे आहे.

वाचकहो, पुढील खेपेस घाट चढताना मुलांना ती दरड अवश्य दाखवावी, आणि वाळल्या पानांच्या राशीजवळ जळती काडी टाकू नये, एवढेही शिकवावे.