व्ह्यू करारात नसतो

नवी मुंबईत घर बघायला निघालात की पहिल्या दहा मिनिटांत एक शब्द कानावर पडतो: व्ह्यू. क्रीक व्ह्यू, हिल व्ह्यू, एअरपोर्ट व्ह्यू, हल्ली फ्लेमिंगो व्ह्यूसुद्धा. आमच्या कोपरखैरणेच्या घरातून समोरच्यांची बाल्कनी आणि त्यावर वाळत घातलेले गणवेश दिसतात. त्याला कोणी व्ह्यू म्हणत नाही.

पप्पा माथाडी कामगार. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पस्तीस वर्षं त्यांनी पाठीवर गोण्या वाहिल्या. वर्षभरात निवृत्त होतील, फंड आणि ग्रॅच्युइटी हातात येईल. मी ऐरोलीच्या आयटी पार्कात चार वर्षं नोकरी करते. राहतं घर काकांच्या नावावर आहे आणि चुलतभावाचं लग्न ठरलंय. कोणी आम्हाला जा म्हटलेलं नाही, पण दीड खोलीत ते म्हणावंही लागत नाही. म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मार्केट बंद असताना, वाशीला सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात भरलेलं घरांचं प्रदर्शन बघायचं ठरलं. त्याआधी सीवूड्सला जाऊ, असा हट्ट माझा. पाम बीच रोड पप्पांनी टेम्पोत बसून शेकडो वेळा पार केलाय, पण पायी एकदाही नाही.

पनवेल लोकलने सीवूड्स-दारावेला उतरलो. स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. दारावे हे जुन्या गावाचं नाव स्टेशनच्या पाटीवर तरी टिकून आहे. तिथून खाडीच्या दिशेने चालत गेलं की इमारतींची उंची वाढते, दुकानं कमी होतात आणि रस्त्यावरची माणसं जवळजवळ संपतात. वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा हा सहा पदरी रस्ता गाडीवाल्यांसाठीच बांधलाय. सकाळी इथे पायी दिसणारे लोक दोन प्रकारचे: महागडे बूट घालून पळणारे, आणि त्यांच्या घरी पोळ्या लाटायला निघालेल्या मावश्या. पप्पांनी एका गेटवरच्या वॉचमनला रामराम घातला. तो पाटणचा निघाला. पुढची दहा मिनिटं गावाकडच्या गप्पांत गेली. एवढ्या झाडलोट केलेल्या रस्त्यावर आमचं ओळखीचं म्हणून काही असेल, असं मला वाटलं नव्हतं.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं आणि चिखलात शेकडो फ्लेमिंगो उभे होते. पप्पा म्हणाले, "बगळे कुणी रंगवले?" मी त्यांना शेवाळाचं सांगितलं. ते खातात ना, त्याने पिसांना रंग चढतो. मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. पक्षी चोच उलटी करून चिखल गाळत होते, न थांबता, जणू पीस-रेटवर काम चाललंय.

या तळ्याचा जीव भरती-ओहोटीवर. खाडीचं पाणी आत-बाहेर होत राहिलं तर चिखल जिवंत, चिखल जिवंत तर पक्षी. 2024 च्या उन्हाळ्यात इथलं पाणी अडलं आणि काही पक्षी मेले, त्याचे फोटो आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने 39 फ्लेमिंगो पडले. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. म्हणजे आज जे दिसतंय ते उद्याही दिसावं, यासाठी माणसं अर्ज, आंदोलनं, सुनावण्या करत आलीत. त्यातला कुठलाच खर्च समोरच्या टॉवरच्या बिलात लागलेला नाही.

सीवूड्सहून हार्बरची गाडी पकडून वाशी. प्रदर्शनात शिरताना आधी मोबाइल नंबर द्यावा लागतो. (पुढचे पंधरा दिवस फोन वाजतो, तयारीत राहा.) आत एसीची थंडी, कॉफीचा वास, आणि ओळीने काचेच्या पेट्यांत शहरं. मॉडेलमधली झाडं नेहमी हिरवी असतात, स्विमिंग पूल निळे, माणसं अंगठ्याएवढी आणि सगळी पांढरी. एका मॉडेलला कडेने खाडी होती, चकचकीत निळ्या रेझिनची. तिच्यात सहा गुलाबी फ्लेमिंगो चिकटवले होते. गाव मात्र एकाही मॉडेलमध्ये दिसलं नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, तिने 95 गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं. जानेवारी 1984 मध्ये जासईला मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. नंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. एवढं सगळं ज्या जमिनीने पाहिलं, ती पेटीत गुळगुळीत हिरव्या कार्पेटची झाली होती.

स्टॉलवरचा मुलगा माझ्याच वयाचा. मला मॅम, पप्पांना अंकल. त्याने पाम बीचचा थ्री बीएचके दाखवला, किंमत साडेतीन कोटी. वर प्रत्येक मजल्याला चौरस फुटामागे जादा पैसे, आणि खाडीच्या बाजूचा फ्लॅट असेल तर आणखी वेगळे. पप्पांनी शांतपणे विचारलं, "ही खाडी तुमची हाय का?"

"नाही अंकल, व्ह्यू आहे."

"मग पैसं कशाचं?"

"व्ह्यूचे."

"कागदावर लिहून देणार? उद्या भरणी झाली, म्होरं दुसरी बिल्डिंग आली, तर पैसं परत?"

मुलगा हसला, पण उद्धटपणे नाही. ते आमच्या हातात नसतं, म्हणाला. खरंच बोलला. घरी आल्यावर मी महारेराचा नमुना करार वाचून काढला. चटई क्षेत्र, मजला, पार्किंग, ताब्याची तारीख, उशीर झाला तर व्याज, सगळं आहे. खाडी नाही. सगळ्यात महाग विकली जाणारी वस्तू करारात नसते.

पप्पांना हे आधीच ठाऊक असण्याला कारण आहे. ते जावळीचे. आजोबांची जमीन कोयनेच्या धरणात गेली. त्या पाण्याला शिवसागर म्हणतात आणि तापोळ्याला त्याच्या काठावर लेक व्ह्यूची रिसॉर्टं आहेत. "आमचं रान बी कुणीतरी व्ह्यू म्हनून विकतंयच की," ते म्हणाले, तेही कॉफी पिता पिता, एखादा बाजारभाव सांगावा तसं. मुलाला काय बोलावं कळेना. त्याने आणखी एक बिस्किटाचा पुडा पुढे केला.

उलव्याच्या स्टॉलवर आम्ही जास्त रेंगाळलो. वन बीएचके, चटई क्षेत्र चारशेच्या आसपास, पासष्ट लाख. वर पाच टक्के जीएसटी म्हणजे सव्वातीन लाख, स्टॅम्प ड्युटी, नोंदणीचे 30 हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट. हे ऐकून पप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "मग तुझ्याच नावावर." मी कॅल्क्युलेटर काढला: पन्नास लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता 43 हजारांच्या वर. संपेल तेव्हा मी सत्तेचाळिशीची. पप्पांनी तो आकडा बघितला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

बेडरूम दहा बाय अकरा. ती केवढी, हे पप्पांना फुटांत कळेना. स्टॉलच्या कार्पेटवर पावलं टाकून त्यांनी मोजलं, मनात थप्पी लावली. एका थरात चोवीस गोण्या, आठ थर. "दोनशेला थोडा कमी माल बसंल," ते म्हणाले. मग आईची शिलाई मशीन कुठे ठेवायची यावर आमचा वाद झाला, खराखुरा, आवाज वाढेपर्यंत. खिडकीजवळ, माझं म्हणणं. ते म्हणाले, खिडकीतून पाऊस येतो.

दुसरा मजला, मागची बाजू, समोर दुसऱ्या विंगची भिंत. मजल्याचे पैसे कमी, व्ह्यूचे शून्य. टोकन दिलं नाही. पुढच्या रविवारी साइटवर जायचंय. पप्पांना पाण्याची टाकी बघायचीय, आणि टाकीत पाणी कुठून येतं तेही.